फवारणीचे बळी आणि देवाची दया

दारव्ह्यात परवा चहाच्या टपरीवर एका तरुणानं विचारलं, "दादा, देव एवढा दयाळू आहे तर त्यानं ही माणसं मरू कशी दिली?" विषय २०१७च्या फवारणीचा निघाला होता. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले.

प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याची ठरलेली उत्तरं बघा.

देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं, माणसानं त्याचा गैरवापर केला, म्हणे. रोजानं फवारायला जाणाऱ्या भूमिहीन मजुराला कसलं स्वातंत्र्य होतं? त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट नाकातोंडात जात होता, आणि पाठीवरचा पंप खाली ठेवला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसरं उत्तर आपल्या जुन्या ओळखीचं आहे: मागच्या जन्मीचं कर्म. याच उत्तरानं आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, आणि ठेवणारे नामानिराळे राहिले. तिसरं म्हणजे ही देवानं घेतलेली परीक्षा. मग ती दरवेळी मजुराचीच का? औषध बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची का नाही?

आणि देव न मानणारेही काही कमी नाहीत. "हातमोजे, मास्क का घातले नाहीत?" हा तेव्हा विचारला गेलेला सवाल म्हणजे कर्मसिद्धांताचंच सरकारी भाषांतर. मेला तो स्वतःच्या चुकीनं, विषय संपला!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वराला जगाचा कर्ता मानण्याचं साफ नाकारलं. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येतं. कारण शोधायचं म्हटलं की आभाळाकडे बघून भागत नाही. बाटलीवरचं लेबल वाचावं लागतं.

यवतमाळच्याच माणसांनी ते करून दाखवलं. दोन मृतांच्या पत्नी आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी २०२१ मध्ये थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात एका बड्या कीटकनाशक कंपनीवर भरपाईचा दावा ठोकला. त्यांनी जाब देवाला नाही, कंपनीला विचारला.

त्या तरुणाला मी उलट विचारलं, "तुझ्या गावात औषध कोण विकतो? पक्कं बिल देतो का? बाटलीवरची बारीक अक्षरं फवारणाऱ्याला कोण वाचून दाखवतो?" त्याला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या दुकानात जाणार आहोत.