परसातील कोंबडी आणि शंभर मात्रांची कुपी

हदगावच्या आठवडी बाजारात भाजीच्या ओळी संपतात तेथून पुढे, रस्त्याच्या कडेला, सात-आठ बायका पायाशी कोंबड्या बांधून बसलेल्या असतात. कोणाजवळ दोन, कोणाजवळ तीन, तर कोणाजवळ पदराआड झाकलेली वीसेक अंडी. पुढ्यात तराजू नसतो. गिऱ्हाइकाने कोंबडा हातात उचलून वजनाचा अदमास घ्यावयाचा, घासाघीस करावयाची आणि व्यवहार मिटवावयाचा. या व्यवहाराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. गेली वीस वर्षे बचत, गुंतवणूक व भांडवल या संकल्पना फळ्यावर लिहीत आलेल्या प्रस्तुत लेखकासही त्याकडे नीट पाहावे असे फार उशिरा सुचले.

सुचले ते एका विद्यार्थिनीमुळे. परीक्षा शुल्क भरण्यास तिने चार दिवसांची मुदत मागितली. बाजाराच्या दिवशी आई दोन कोंबडे विकणार आहे, असे तिने सांगितले. चार दिवसांनी ती आली ती रिकाम्या हाताने. घरात मानमोडी शिरली होती. तीन रात्रींत चौदा पाखरे गेली. शुल्काची व्यवस्था पुढे झाली, तो भाग वेगळा. मात्र त्या घराची जी रोकड बुडाली, ती बुडालेल्या बँकेतील ठेवीपेक्षा कमी खरी नव्हती.

शेळी विकावयाची तर सगळीच विकावी लागते. पाचशे रुपयांची गरज असताना अर्धी शेळी विकता येत नाही. कोंबडी ही ग्रामीण घरातील सुटी नाणी होत. पाहुणा आला, औषध आणावयाचे आहे, नांदेडला एस.टी.ने जावयाचे आहे, अशा वेळी ती मोडता येते. आणि मोडण्याचा अधिकार बहुधा घरातील स्त्रीकडे असतो. शेत नवऱ्याच्या नावे, बैल नवऱ्याचे, सोयाबीनची पट्टी नवऱ्याच्या खिशात. कोंबडीचे पैसे मात्र तिच्या कनवटीला. ज्या घरी जमीन नाही, त्या घरी तर पशुधन म्हणून सांगण्यासारखे एवढेच असते.

या पालनाची रीतही पाहण्यासारखी आहे. गावरान कोंबडी एका खेपेला बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. जाणत्या बाया टोपलीत भुसा किंवा राख पसरतात, दिव्यापुढे धरून अंडी पारखतात आणि निवडक दहा-बारा तिच्याखाली ठेवतात. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. ना वीज लागते, ना यंत्र. पुढचे दोन-अडीच महिने आईच पिलांना उब देते, घारीची सावली दिसताच पंखाखाली घेते, उकिरडा उकरून किडे दाखविते. पिसवा होऊ नयेत म्हणून खुराड्यात राख व कडुनिंबाचा पाला, पिले उघडी पडू नयेत म्हणून रात्री डालगे, वाळवी लागलेले लाकूड सापडले तर ते पिलांपुढे आपटावयाचे: ही सारी विद्या सासूकडून सुनेकडे आलेली आहे.

हिशेब मांडू. चार कोंबड्या, प्रत्येकीची वर्षाला साठ अंडी, म्हणजे दोनशे चाळीस. प्रत्येकीला दोन वेळा बारा अंड्यांवर बसविले तर शहाण्णव अंडी त्यात गेली. उरलेली एकशे चव्वेचाळीस घरात व बाजारात. शहाण्णवांतून पंचाहत्तर पिले निघाली आणि मांजर, मुंगूस, घार यांचा वाटा वजा जाता निम्मी जगली, तरी पस्तीस-सदतीस पाखरे विक्रीस येतात. रोख खर्च जवळजवळ शून्य. संकरित कोंबडी पिंजऱ्यात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, तिच्यापुढे गावरानची साठ म्हणजे काहीच नाही, असे आमचे कुक्कुटतज्ज्ञ म्हणतात. परंतु ती तीनशे अंडी विकतचे पिलू, विकतचे खाद्य व विकतची वीज यांवर उभी असतात. उत्पादनाची तुलना करावयाची तर खर्चाचीही करावी.

शासनाने या परसाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. फक्त पाहिले ते आपल्या चष्म्यातून. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार झाल्या. त्या वजनदार आहेत, अंडीही अधिक देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि घरी उबविलेल्या त्यांच्या पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच राहत नाहीत. म्हणजे पिलांसाठी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात जाणे आले. खुडूक बसणे हा दोष मानून तो काढून टाकला. परंतु गरीब घराच्या दृष्टीने तेच कोंबडीचे भांडवल होते! पूर्वी केंद्राच्या योजनेतून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास पंचेचाळीस पिले मिळत. २०२१ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना झाली आणि आता किमान एक हजार मातृपक्ष पाळणाऱ्या उद्योजकास पन्नास टक्के, कमाल पंचवीस लाख रुपये अनुदान आहे. बाजारातील ती बाई या योजनेच्या कोणत्या रकान्यात बसावी?

आणि तरीही परस मेलेला नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व तत्सम पक्षी मोजले गेले. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील. २०१२ च्या तुलनेत परसातील संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, व्यापारी पक्ष्यांची अवघी साडेचार टक्क्यांनी.

आमच्या भागातील शेतकऱ्याचा मोठ्या कुक्कुटधंद्याशी संबंध नाही असे मात्र नव्हे. हदगाव-लातूरचे सोयाबीन तेलगिरणीत जाते व त्याची पेंड कोंबडीखाद्यात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कुक्कुट उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने बारा लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली, आणि त्यानंतर सोयाबीनचा भाव कसा घसरला हे येथे कोणास सांगावयास नको. याच सोयाबीनने ज्वारी हटविली. खळ्यावर सांडणारे ज्वारीचे दाणे व कणसांचा चुरा हेच कोंबडीचे फुकटचे खाद्य होते. आता अंगण सिमेंटचे झाले, बांधावर तणनाशक फवारले जाते, किडाही पूर्वीसारखा सापडत नाही. नैसर्गिक पालनासाठी आधी निसर्ग शिल्लक हवा.

शहरांत ‘नैसर्गिक’ या शब्दाला अलीकडे भाव आला आहे. तांबूस कवचाचे अंडे ‘गावरान’ म्हणून चढ्या दराने खपते. वस्तुतः कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, पालनाच्या रीतीवर नव्हे. याच मोहातून २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात कडकनाथ पालनाच्या नावाखाली अनेक शेतकरी फसविले गेले.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आमच्या निसर्गप्रेमी मित्रांना रुचणार नाही, तरी सांगितली पाहिजे. राख पिसवांवर चालते, हळद जखमेवर चालते. मानमोडीवर यांपैकी काहीही चालत नाही. १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्यामुळे ज्याला आपल्याकडे राणीखेत म्हणतात, तोच हा विषाणुजन्य रोग. एकदा शिरला की खुराडे रिकामे करतो. त्याला उपाय एकच: पिलाला पाचव्या ते सातव्या दिवशी ‘लासोटा’ लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्यात ‘आर-टू-बी’चे इंजेक्शन. लस स्वस्त आहे, जुनी आहे, देशात तयार होते.

मग ती परसात का पोहोचत नाही? अडचण अज्ञानाची नाही, विभाज्यतेची आहे. कुपी साधारणतः शंभर मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळविली की दोन-एक तासांत संपवावी लागते. ज्या घरी दहा पाखरे आहेत, त्या घरी नव्वद मात्रा मातीत जातात. हजार कोंबड्यांच्या मालकाला ही अडचण जाणवत नाही. एकेका घराने करावयाचे म्हटले की जे परवडत नाही, तेच गल्लीने मिळून केल्यास काही रुपयांत होते. आणि असे काम सार्वजनिक यंत्रणेनेच अंगावर घ्यावयाचे असते. बांगलादेशात खेड्यातील स्त्रियांनाच लसीकरणाचे शिक्षण देऊन हे काम झाले. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी ‘आय-टू’ लस टांझानिया व मोझांबिकच्या खेड्यांत वापरली गेली. आपल्याकडे ‘उमेद’ अभियानाच्या पशुसखी आहेत, जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. प्रत्येक गावासाठी लसीचा ठरलेला वार व पशुसखीच्या हाती बर्फाची पेटी, एवढीच मागणी आहे. पन्नास टक्के अनुदानातील कितवा हिस्सा त्याला लागेल?

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, तेव्हा शासकीय यंत्रणा तत्परतेने हलली. ते योग्यच होते. परसात दरवर्षी चौदा-चौदांनी मरणाऱ्या कोंबड्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

शिक्षकबंधूंना आणखी एक गोष्ट स्मरत असेल. २०२३ च्या नोव्हेंबरपासून शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, व न खाणाऱ्यांस केळे किंवा स्थानिक फळ, देण्यास राज्याने सुरुवात केली. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबविला आणि लोकवर्गणीतून द्यावयाचे तर द्या, असे सांगितले. अंडे नको असलेल्यांची सोय मूळ निर्णयातच होती, तेव्हा ज्यांना ते हवे होते त्यांच्या ताटातून ते का काढले, हे समजत नाही. गावातील बायकांची अंडी गावच्या शाळेने घ्यावीत, अशी मागणी करण्याची संधीही त्याबरोबर गेली.

मागच्या थंडीत आमच्या गल्लीतील अकरा घरांनी वर्गणी काढून ‘आर-टू-बी’ची एक कुपी आणविली. मोठी पाखरे एकूण ऐंशी निघाली. सकाळी सहाला, कोंबड्या सोडण्यापूर्वी, पशुसखीने सुरुवात केली आणि पावणेआठला काम संपले. त्या विद्यार्थिनीची आई डालगे घेऊन सर्वांत आधी आली होती. तिच्याकडे आता सहा पाखरे आहेत, आणि त्यांपैकी एक खुडूक बसली आहे.