शिंपल्यांच्या आधीची चुनखडी

दिवाळीत आदिलाबादला घरी गेलो, तेव्हा भाची एक राखाडी दगड भिंगाखाली धरून बसली होती. चुनखडी शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनते असं शाळेत शिकलेली, आणि तिला एकही शिंपला सापडेना. "मामा, हा दगड खोटा आहे का?"

दगड खराच होता. खिळ्यानं खरवडून भुकटीवर लिंबू पिळलं, बारीक फेस आला. पुस्तकही चूक नाही, पुष्कळ चुनखडी तशीच बनते. पण पैनगंगेच्या अलीकडे आपल्या जिल्ह्यात आणि पलीकडे यवतमाळ-चंद्रपुरात सापडणारी ही चुनखडी शंभर कोटी वर्षांच्या आसपासची. तेव्हा शिंपलेवाले प्राणीच नव्हते! समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट गाळ होऊन तळाशी बसत गेलं, थरावर थर. दख्खनचा काळा कातळ त्यामानानं कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा.

शुद्ध चुनखडी 900 अंशांच्या आसपास भाजली की 100 किलोतला 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो कळीचा चुना. तो पाण्यात विरवला की आजीच्या पानाच्या डब्यातला चुना. चुनखडी चिकणमातीबरोबर सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवली, तर सिमेंटचा क्लिंकर. त्यासाठीच इथे सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला. 1998 पासून तो बंद आहे. बाबा मात्र त्या रस्त्यानं जाताना अजून भोंग्याच्या वेळा सांगतात.

भाचीनं दगड दप्तरात टाकला. बाईंना दाखवायचाय म्हणे.