दाखविणे वेगळे, तपासणे वेगळे

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी बुऱ्हाणपूरला घरी गेलो तेव्हा आजीचा चेहरा उतरलेला दिसला. तब्येत विचारली, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? पण एवढी वर्षं तुम्हां पोरांना मी विष पाजलं रे, आणि मला पत्ताच नाही."

बुऱ्हाणपूर म्हटले की इथले मित्र मला दोनच प्रश्न विचारतात. मुमताजमहल तुमच्याकडेच वारली का, आणि तिकडे मराठी बोलतात का? दोन्हींचे उत्तर 'हो' असे आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये तिथेच वारली आणि मराठी आम्ही आमच्या परीने बोलतोच. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही; तो पाण्याचा. १६१५ मध्ये, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना याने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभराच्या आसपास कुंड्या खोदून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. तो कुंडी भंडारा. लोक त्याला 'खूनी भंडारा'ही म्हणतात, पण पाणी नितळ. ज्या गावाने चारशे वर्षे आपल्या पाण्याचा अभिमान बाळगला, त्या गावातल्या एका म्हातारीला अर्ध्या तासात कोणी पटवून दिले, की तिच्या घरचे पाणी विष आहे?

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक तरुण आला होता. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही; अशा कंपन्या पुष्कळ आहेत आणि खेळ एकच आहे. दोन दिवसांनी तोच खेळ शेजारच्या घरी झाला, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. काचेचे दोन पेले. एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातले. दोन्हींत चार कांड्यांचे एक उपकरण बुडवून त्याने बटण दाबले. मिनिटभरात बोअरचे पाणी हिरवट, मग तांबडे, मग काळपट झाले; वर फेस आला, खाली गाळ बसला. दुसरा पेला जसाच्या तसा. "अम्माजी, यही पी रहे हैं आप लोग," एवढेच तो म्हणाला. अधिक बोलायची त्याला गरजच नव्हती. शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्युत्-अपघटनाची आकृती मी जर्नलमध्ये पट्टीने रेघा मारून काढली आहे आणि त्यावर सरांची लाल सहीही आहे. तरीसुद्धा तो तांबडा गाळ पाहून मला क्षणभर वाटले, की खरेच, काय पितो आपण! मी काही न बोलता घरी आलो. यंत्राचे हप्ते आमच्याकडे त्याआधीच सुरू झाले होते.

सुटी संपवून इथे परतल्यावर रात्री अंथरुणात डोक्यात प्रकाश पडला. त्या चार कांड्यांपैकी दोन ॲल्युमिनियमच्या असतात आणि दोन लोखंडाच्या. वीज सुरू केली की लोखंड पाण्यात उतरते. त्याचे प्रथम हिरवट संयुग होते आणि हवेतला प्राणवायू मिळाला की तेच गंजासारखे तांबडे होते. ॲल्युमिनियमचा पांढरट चोथा त्यात मिसळतो. म्हणजे तो गाळ पाण्यातला नव्हेच, तो कांड्यांचा! यंत्रातल्या पाण्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही; वीज वाहिली नाही की लोखंड उतरत नाही आणि पाणी नितळ राहते. गंमत अशी, की गढूळ पाणी साफ करण्याची हीच एक मान्य रीत आहे. लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असा चोथा पाण्यात तयार करायचा, की तो मळ धरून खाली बसतो. आपली तुरटी तरी दुसरे काय करते? विक्रेता ज्याला घाण म्हणून दाखवीत होता तो झाडूच होता.

आम्ही तिघा मित्रांनी सरांची परवानगी काढून प्रयोगशाळेत हे करून पाहिले. (घरच्या विजेवर हा खेळ कोणी करू नये, आम्ही १२ व्होल्टचा एलिमिनेटर वापरला.) नळाच्या पाण्यात लोखंडी खिळे सोडले, पाणी तांबडे. ऊर्ध्वपातित पाण्यात तेच खिळे, पाणी नितळ. त्याच ऊर्ध्वपातित पाण्यात चिमूटभर मीठ टाकले. बघता बघता तांबडे! मग खिळे काढून जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या लावल्या. नळाच्या पाण्यात बुडबुडे आले, गाळ मात्र आला नाही. दोषी कोण, हे ठरविण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढीच त्यातली युक्ती.

संक्रांतीला घरी जाताना सामान बरोबर नेले. यंत्राचे पाणी आजीनेच पेल्यात घेतले, मीठ तिच्याच हाताने टाकायला लावले. पाणी तांबडे झाले तशी ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं बाई, म्हणजे खिळाच गंजला की!" माझ्या दोन वर्षांच्या जर्नलात हे इतक्या थोडक्यात कुठे लिहिलेले नाही.

ते यंत्र निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. जिथे पाण्यात फ्लोराइड आहे (आमच्याच मध्यप्रदेशात झाबुआ, धार या भागांत ते आहे), किंवा पाणी फारच खारे आहे, तिथे ते उपयोगीच. पण त्या तरुणाच्या हातातल्या टीडीएस मीटरने आमच्या बोअरचा आकडा ४३० दाखविला होता, आणि आपल्या भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंतचे पाणी पिण्यास योग्य. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंतही चालते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले, की जिथे आकडा ५०० च्या आत आहे तिथे अशा यंत्रांना बंदी करावी, कारण ती शुद्ध पाण्यापेक्षा अधिक पाणी मोरीत सोडतात. भांड्यांना बसणारा पांढरा थर चुन्याचा. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांच्या भिंतींवरही तसाच थर चढलेला आहे आणि ते पाणी पिऊन पिढ्या जगल्या.

याहून वाईट गोष्ट अशी, की तो मीटर विरघळलेले क्षार तेवढे मोजतो, तेही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. काविळीचे, विषमज्वराचे जंतू त्याला दिसत नाहीत. शहाळ्याच्या पाण्यात तो बुडवा, आकडा भयंकर येईल; गटाराचे दोन थेंब पडलेल्या पावसाच्या पाण्यात बुडवा, आकडा गोड येईल. लोक त्या गोड आकड्यावर विश्वासून पाणी उकळायचे सोडतात. "फायदा होवो न होवो, तोटा काय?" असे जे म्हणतात त्यांना मी हे सांगतो, आणि आजीचा तो दिवाळीतला चेहराही सांगतो.

मग तपासणी म्हणायचे कशाला? तिचा आपल्या मराठी मुलखातला उत्तम नमुना पाण्याचा नाही, पत्रिकेचा आहे. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे पत्रिका. नावगाव काढून टाकलेले. ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहायच्या आणि कोणती हुशार मुलाची, एवढेच सांगायचे. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवून पन्नास टक्के आली असती! निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. मला त्यात निकालापेक्षा रचना मोठी वाटते. कोणाला शिवी नाही, मोर्चा नाही. उत्तर कोणते हे उत्तर देणाऱ्याला कळण्याची वाटच बंद केलेली. आणि ज्योतिष खरे ठरले असते तर तेही त्याच आकड्यांनी दिसले असते.

ही वाट उघडी ठेवली की काय होते ते आम्ही होस्टेलात पाहिले. तीन पेल्यांवर 'नळ', 'उकळलेले', 'यंत्राचे' अशा चिठ्ठ्या लावून चव विचारली. बहुतेकांनी 'यंत्राचे' हलके, गोड म्हणून पसंत केले. एकाला नळाच्या पाण्याला मातीचा वासही आला. तिन्ही पेले एकाच माठातले होते. हे मित्र खोटारडे नाहीत. चिठ्ठी वाचून जीभ बदलते, एवढेच. म्हणून "आमच्या मामांना गुण आला" हे ऐकले की मामांचा अपमान न करता विचारावे, की तो आजार आपण होऊन किती दिवसांत उतरतो? आणि ज्यांना गुण आला नाही ते मामा कुठे आहेत?

बाजारातले बहुतेक चमत्कार दाखविण्यावरच चालतात. मनगटात कडे घातले की तोल सुधारतो, असे विक्रेता तुमचा हात दाबून दाखवितो. मात्र पहिल्यांदा एका दिशेने दाबतो, दुसऱ्यांदा दुसऱ्या. असली कडी विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीला २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात कबूल करावे लागले, की आमच्या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गात हजारो रुपये भरून मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागली. नाकाच्या कडेची फट नीट बुजविली की वाचणे थांबते. हे दाखवून देत हिंडणाऱ्यांत मंगळूरचे नरेंद्र नायक होते. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना तर मी आणखी जुने नाव सांगायला नको. बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९७६ मध्ये चमत्कारांची तपासणी करणारी समितीच नेमली होती. कुलगुरूने! आणि गृहिणींनी काय केले? १९६६ मध्ये मुंबईत नऊ जणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली आणि घरातल्या नेहमीच्या मालाची तपासणी सुरू केली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याने फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडही ठेवला आहे. पण जाहिरात फसवी आहे हे आधी कोणीतरी करून पाहावे लागते.

आणि आपण? आपल्या प्रयोगशाळेत खरे म्हणजे तपासणी होतच नाही. आपण ज्याला प्रॅक्टिकल म्हणतो त्याचे उत्तर गाईडात आधीच छापलेले असते. रीडिंग जुळले नाही तर आपण ते जुळवितो. (कोण जुळवीत नाही, त्याने हात वर करावा.) त्या विक्रेत्याचा पेला आणि आपले जर्नल यांत मला सख्खे नाते दिसते. दोघांनाही निकाल आधी ठाऊक असतो. म्हणूनच तो पेला पाहून मी गप्प बसलो.

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती आहे. शनिवारी दुपारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी असते. तिथे एक कपाट आणि एक वही मिळावी. कोणीही घरातली वस्तू आणावी. दावा काय, आम्ही काय केले, काय आढळले, एवढे वहीत लिहावे. दावा खरा निघाला तर तेही लिहावे आणि वहीतला एकही आकडा जुळवू नये. पहिली वस्तू आलेलीच आहे: केस दाट करणारे तेल, होस्टेलातल्या निम्म्या खोल्यांत आहे. डोक्याच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला साधे खोबरेल लावून सहा महिने हिंडायला एक मित्र तयार झाला आहे. कोणत्या बाजूला कोणते, हे नाणे उडवून ठरवायचे आहे. तेवढी लेबले काढून बाटल्यांवर आकडे घालायला आणि कोणता आकडा कशाचा ते सहा महिने पोटात ठेवायला एक प्राध्यापक हवे आहेत.