परसातली चार झाडं आणि उसातला गांजा



उसाच्या सरीत गांजाची झाडं सापडली, पोलिसांनी उपटून नेली, शेतकऱ्याला अटक झाली, अशा बातम्या आपल्या भागात अधूनमधून वाचायला मिळतात. मग पारावर हमखास कोणीतरी म्हणतं, "अहो, परदेशात आता सरकारच लावायला परवानगी देतंय. आपल्याकडंच कायदा आडवा येतो, नाहीतर उसापेक्षा जास्त पैसा झाला असता." हे बोलणं अर्धवट माहितीचं आहे, आणि अर्धवट माहितीपायी घरं बसतात. म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

परदेशात परवानगी आहे, पण कोणाला आणि किती? उरुग्वे देशानं २०१३ च्या कायद्यानं घरी सहा झाडं लावायला मुभा दिली, तीही नोंदणी करून आणि वर्षाला ४८० ग्रॅमपर्यंत. कॅनडानं २०१८ साली एका घराला चार झाडं ठरवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. हे सगळं स्वतःपुरतं. विकलं की गुन्हा. म्हणजे परसातल्या मिरचीच्या झाडासारखा हा प्रकार. यातून शेतकऱ्याला बाजार मिळत नाही; उलट घरी पिकवणारा माणूस बाजारातलं एक गिऱ्हाईक कमी करतो.

हीच गोष्ट तिथल्या सरकारांनी ओळखली आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं घरची लागवड बंदच ठेवली, कारण गिऱ्हाईक सरकारी दुकानात यावं आणि त्यावर देखरेख राहावी. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी ग्राह्य धरली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २०१२ साली विक्री खुली केली, पण हौसेखातर घरी लावायची मुभा दिली नाही. सगळा धंदा परवानाधारकांकडं गेला. कोलोरॅडोत उलटं झालं. तिथं डॉक्टरच्या शिफारशीवर एकेका माणसाला ९९ पर्यंत झाडं लावता येत. त्या आडोशानं माल परराज्यात चोरून जाऊ लागला. शेवटी २०१८ पासून घरामागं बारा झाडांची मर्यादा घालावी लागली. झाडांचा आकडा लहान दिसतो, पण बाजार कोणाच्या हाती जायचा हे तोच ठरवतो.

आता भावाचं बघू. गांजाला आज जो भाव आहे तो मालाचा नव्हे, जोखमीचा आहे. जोखीम गेली की भाव गेला. ओरेगॉन राज्यात इतकं पीक आलं की २०१९ साली नव्या लागवड-परवान्यांना लगाम घालणारा कायदा करावा लागला. पीक जास्त झालं की भावाचं काय होतं, हे ऊसवाल्याला कोणी शिकवायला नको.

सहकाराचा धागाही इथं आहे. पूर्वीच्या बंगालात नौगाव इथं १९१७ साली गांजा उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. सरकारी परवान्याखाली ती माल गोळा करून विकायची आणि नफ्यातून शाळा-दवाखाने चालवायची. आज उरुग्वेत १५ ते ४५ सभासदांची मंडळं आहेत, जर्मनीत ५०० सभासदांपर्यंतच्या बिनानफ्याच्या संस्था आहेत. उद्या आपल्याकडं कायदा बदलायची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न हा विचारायचा, की लावायचा हक्क कोणाला? घराला, सभासदांच्या संस्थेला, की मोठ्या कंपनीला? तेव्हा गप्प बसलो तर आपल्या वाट्याला नुसती मजुरी येईल.

पण तो उद्याचा प्रश्न झाला. आज १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्यात घरच्यासाठी एक झाडसुद्धा माफ नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या रानात दुसऱ्यानं लावलेलं ठाऊक असूनही कळवलं नाही, तरी जमीनधारक गुन्हेगार ठरतो. सरपंचांवरही कळवायची जबाबदारी आहे.

उंच वाढलेल्या उसात कोणी शिरत नाही, हे त्या धंद्यातल्या दलालालाही माहीत असतं. तो दोन पैसे देऊन नामानिराळा राहतो आणि सात-बाऱ्यावर नाव असलेला माणूस कोठडीत जातो. तेव्हा असा कोणी बांधावर आला, तर त्याला तिथूनच वाटेला लावा. वाट्यानं किंवा खंडानं रान दिलं असेल, तर आठवड्यातून एक फेरी सरीच्या आतपर्यंत मारत जा.

— एक ऊस उत्पादक सभासद