यंत्राचा स्वभाव आणि समीक्षकांचीं विशेषणें

ध्वनियंत्रांची समीक्षा म्हणून जें वाङ्मय गेल्या कित्येक वर्षांत इंग्रजींत माजलें आहे, व ज्याचे पडसाद आपल्याकडील शोकीन मंडळींच्या बोलण्यांतहि ऐकूं येतात, त्याच्या एका शाखेचा परामर्श प्रस्तुत लेखांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही शाखा म्हणजे डिजिटल-ॲनॅलॉग कन्व्हर्टर, व्यापारी भाषेंत 'डॅक', या यंत्राच्या गुणवर्णनाची होय. एका डॅकचा ध्वनि 'ऊबदार', दुसऱ्याचा 'थंड व चिकित्सक', तिसऱ्याचा 'मखमली', चौथ्याचा 'खरा संगीतमय', असे निवाडे या वाङ्मयांत पानोपानीं आढळतात. आणि त्यांच्या भरंवशावर माणसें लाखों रुपये मोजून घरांतील सुस्थितींतलें यंत्र काढून टाकतात व नवें आणतात. आमचें म्हणणें असें कीं, यांपैकीं बहुतेक विशेषणांस कांहींच अर्थ नाहीं. ज्यांस आहे, त्यांचा अर्थ समीक्षक लावतात त्याच्या उलट आहे. आणि समीक्षा या शब्दाची कांहीं अब्रू राखावयाची असेल, तर हा प्रकार थांबला पाहिजे.

प्रथम या यंत्राचें काम काय तें पाहूं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनि लिहिलेला असतो तो आकड्यांत. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनिलहरीची उंची मोजावयाची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर नोंदावयाचें, अशी ही पद्धति आहे. त्या आकड्यांवरून मूळची अखंड लहरी विजेच्या रूपानें पुन्हां उभी करणें, एवढेंच डॅकचें कर्तव्य. दोन मापांमध्यें जी जागा रिकामी राहते तेथला ध्वनि कायमचा हरपला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निराधार आहे. ज्या लहरींत मापनसंख्येच्या निम्म्यापलीकडचीं कंपनें नाहींत, ती लहरी त्या मापांवरून पूर्णपणें व एकाच रीतीनें सिद्ध होते, हा सिद्धांत क्लॉड शॅनन यानें १९४९ सालच्या आपल्या निबंधांत विशद केला आहे. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचें ऐकूं येत नाहीं, आणि वय वाढतें तसतशी हीहि मर्यादा खालीं येते. तेव्हां डॅक हा नक्कलनवीस आहे. समोर ठेवलेला मजकूर त्यानें जसाच्या तसा उतरून द्यावयाचा. नक्कलनविसाच्या लेखणींत 'ऊब' आहे असें कोणी सांगूं लागल्यास त्याचा अर्थ इतकाच कीं, त्यानें मजकुरांत पदरचें कांहीं घातलें. आणि असला नक्कलनवीस कोणतीहि शहाणी कचेरी पदरीं ठेवणार नाहीं.

डॅकडॅकांत ऐकूं येण्याजोगा फरक कधींच नसतो, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कित्येक कारखानदार आधुनिक गाळणी मुद्दाम वगळून, आलेलें प्रत्येक माप पुढील माप येईपर्यंत तसेंच धरून ठेवणारीं यंत्रें विकतात. या पद्धतींत १०,००० कंपनांपाशीं ध्वनि सुमारें पाऊण डेसिबल, तर २०,००० पाशीं तीन डेसिबलांहून अधिक उतरतो. हें साधें गणित आहे. तरुण कानास वरच्या सुरांची ही उतरण थोडीफार जाणवेल. कांहीं यंत्रांच्या शेवटच्या टप्प्यांत जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्ह बसविलेले असतात, आणि ते मूळ सुरांत आपल्या दुपटीच्या सुरांची भर घालतात. कांहींत रोधकांची शिडी असते. या शिडीनें सोळा-बिटी मापाशीं प्रामाणिक राहावयाचें, तर तिच्या वरच्या पायरीच्या रोधकांत शेंकडा ०.००१५ इतकीहि चूक चालणार नाहीं. सुटे रोधक जुळवून एवढी बिनचूकता साधणें किती अवघड, हें कोणाहि कारागिरास विचारावें. या यंत्रांना स्वभाव आहे, हें खरें. परंतु तो त्यांच्या दोषाचा स्वभाव आहे, मापयंत्रावर दिसणारा आहे, आणि गाळणी बदलून किंवा साध्या टोन-कंट्रोलनें चार आण्यांत साधणारा आहे. तो कोणास आवडल्यास आमचें कांहीं म्हणणें नाहीं. मात्र उतरणीस 'नैसर्गिकता' व भेसळीस 'आत्मा' म्हणणें हें भाषेशीं द्रोह करणें होय.

आतां उरलीं तीं निर्दोष यंत्रें, आणि खरा वाद त्यांच्याविषयींच आहे. आजच्या बाजारांत उत्तम डॅकचा स्वतःचा गोंगाट मूळ ध्वनीच्या सुमारें १२० डेसिबल खालीं असतो; खुद्द कॉम्पॅक्ट डिस्कवरील मजकुराचा पल्ला सुमारें ९६ डेसिबलांचा, आणि रात्रीच्या शांत घरांतहि पंचवीस-तीस डेसिबलांची कुजबूज चालूच असते. अमेरिकेंत सुमारें ९ डॉलरांस विकली गेलेली ॲपल कंपनीची इवलीशी हेडफोन-जोडणीहि सामान्य ऐकण्यांत दोष जाणवूं देत नाहीं. मग इंग्लंडांतील कॉर्ड किंवा डीसीएस या कंपन्यांच्या हजारों पौंडांच्या यंत्रांत अधिक काय आहे? कारागिरी आहे, टिकाऊपणा आहे, सोयी आहेत, मापयंत्रावरील अधिक सुंदर आकडे आहेत. ऐकूं येण्याजोगें अधिक काय, तें सिद्ध करण्याचा भार ज्यांनीं विधान केलें त्यांच्यावर आहे.

विशेषणें येतात कोठून, याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. या यंत्रांचें हृदय म्हणजे त्यांतील चिप. अमेरिकेंतील ईएसएस कंपनीनें आपल्या चिपेस नांव दिलें 'सेबर', म्हणजे घोडेस्वाराची तलवार. जपानांतील असाही कासेई कंपनीनें आपल्या ध्वनीस म्हटलें 'वेल्व्हेट साउंड', म्हणजे मखमली ध्वनि. आणि शोकिनांत रूढ झालेलें मत कोणतें? तर पहिलीचा ध्वनि धारदार व दुसरीचा मऊ! जाहिरातीच्या कागदावरून शब्द उचलावयाचे व ते कानांनीं टिपले म्हणून मिरवावयाचे, याहून समीक्षकाची मोठी नाचक्की ती कोणती? ऑक्टोबर १९२० नव्हे, अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२० मध्यें, या जपानी कंपनीच्या नोबेओका येथील कारखान्यास आग लागली आणि चिपांचा तुटवडा पडून कित्येक कारखानदारांस आपल्या यंत्रांत दुसरी चिप बसवावी लागली. नीट आखणी करणाऱ्यांचीं मापें तेव्हांहि चोखच राहिलीं. कारण यंत्राची एकंदर रचना चिपेच्या नांवाहून अधिक महत्त्वाची असते.

'मापांत सर्व कांहीं येत नाहीं', हें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि संगीताविषयीं तें अक्षरशः खरेंहि आहे. केसरबाईंच्या तानेचें मर्म कोणतेंहि मापयंत्र सांगूं शकणार नाहीं. पण डॅकमधून बाहेर पडतें तें काय? तारेंतून जातो तो क्षणोक्षणीं बदलणारा विजेचा दाब. त्यापलीकडे त्या तारेंत कांहीं नसतें. दोन डॅकांचे दाब नोंदून, त्यांची पातळी व वेळ जुळवून, एकांतून दुसरा वजा केला कीं जें उरेल तोच त्यांतील सारा फरक. ती बाकी ऐकण्याच्या मर्यादेखालीं गेली, म्हणजे 'अवर्णनीय' गुणास राहावयास जागाच उरत नाहीं. तानेचें मर्म दोन्ही तारांतून सारखेंच वाहत असतें.

'पण आम्हांस फरक ऐकूं येतो!' असें कोणी म्हणेल. येत असेलहि, प्रश्न आहे तो कशामुळें. कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्राची ठरीव पातळी २ व्होल्टांची. एखाद्या डॅकनें २.२ व्होल्ट दिले कीं ध्वनि सुमारें ०.८ डेसिबलनें चढतो. एवढा चढ 'मोठा' म्हणून सहसा ओळखूं येत नाहीं. तो 'भरीव', 'जिवंत', 'जवळचा' म्हणून जाणवतो. म्हणूनच जाणते परीक्षक तुलनेपूर्वीं पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवून घेतात. दुसरें कारण डोळे. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं ४० श्रोत्यांस तेच लाउडस्पीकर एकदां दिसत असतां व एकदां पडद्याआड ऐकविले. दिसूं लागतांच त्यांचे गुण बदलले. लाउडस्पीकरांत तर खरोखरच मोठे फरक असतात. तेथें जर डोळ्यांचा एवढा अंमल, तर जेथें फरकच नाममात्र तेथें तो किती असेल?

परीक्षाहि झाल्या आहेत. मेयर व मोरान या दोघांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उच्च प्रतीच्या मुद्रणाचा ध्वनि एकदां सरळ, व एकदां मध्यें सोळा-बिटी रूपांतराचा फेरा घालून, ऐकविण्यांत आला. म्हणजे एक आख्खें जादा रूपांतर दोन्ही दिशांनीं झालें. ५५४ उत्तरांपैकीं २७६ बरोबर आलीं, शेंकडा ४९.८, नाणें उडविलें असतें तरी हेंच झालें असतें. विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाहि आम्ही लपवीत नाहीं. लंडन येथील जोशुआ रीस यांनीं २०१६ सालीं अशा १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांवर उत्तरें एकत्र केलीं. बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें, व शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांत तें याहून बरेंच वर गेलें. म्हणजे कांहीं तरी सूक्ष्म भेद कांहीं कानांस कधीं कधीं लागतो. हा भेदहि मुद्रणाच्या प्रतीचा होता, दोन निर्दोष डॅकांचा नव्हे. आणि ज्याचा मागमूस काढावयास हजारों परीक्षा लागतात, त्याचें वर्णन 'डोळ्यांवरचा पडदा दूर झाला' अशा शब्दांत करणाऱ्यास काय म्हणावें?

आंधळ्या परीक्षेंत मनावर ताण येतो, घाईनें निर्णय करावा लागतो, असाहि आक्षेप असतो. तर मग ताण घेऊं नये: घरीं, आपल्या सवडीनें, महिनाभर ऐकावें, फक्त कोणतें यंत्र चालू आहे तें दुसऱ्या कोणास ठाऊक असावें. सोळांपैकीं बारा वेळां बरोबर ओळखल्यास तें नुसत्या योगायोगानें होण्याचा संभव शेंकडा चारांहूनहि कमी. मग आम्हीहि मान तुकवूं. परंतु बहुतेक समीक्षक ही परीक्षा देण्यासच नाखूष असतात, हें त्यांच्या आत्मविश्वासाविषयीं पुष्कळ सांगून जातें.

'कान तयार असावा लागतो' ही ढाल आपल्याकडे विशेष चालते. तानसेन नसलों तरी कानसेन आहों, हा आमचा जुना अभिमान. हा अभिमान आम्हांसहि प्रिय आहे, म्हणूनच त्याचा असा उपयोग झालेला आम्हांस खपत नाहीं. तंबोऱ्याची जवारी किंचित् बिघडली कीं ज्यास चैन पडत नाहीं त्याचा कान खराच तयार. पण तो कान चव्हाट्यावर परीक्षा देऊन तयार झालेला असतो. चुकीच्या श्रुतीस बरोबर म्हणणाऱ्यास गुरु तेथल्या तेथें थांबवितो. डॅकच्या शोकिनास थांबविणारा गुरु कोठें आहे? आणि अब्दुल करीमखां किंवा बालगंधर्व यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती ऐकतांना महागड्या डॅकनें 'नवा तपशील' उलगडला असें जो म्हणतो, त्यानें एवढें तरी ध्यानीं घ्यावें कीं, त्या तबकडीची खरखर स्वस्त डॅकच्या गोंगाटाहूनहि कित्येक पटींनीं मोठी आहे. त्या खरखरीखालीं जें गाडलें गेलें, तें उकरून काढण्याचें सामर्थ्य डॅकमध्यें नाहीं.

शेवटचा प्रश्न असा कीं, ज्याचे पैसे त्याचे, त्याचा आनंद त्याचा. इतरांनीं कां चरफडावें? आनंदावर आमचा आक्षेप नाहीं. सुंदर घड्याळ जसें कोणी हौसेनें बाळगतो, तसें सुंदर यंत्र बाळगावें. आक्षेप आहे तो हौसेस ज्ञानाचा पोषाख चढविण्यावर. त्यानें दोन अनर्थ होतात. बेताच्या मिळकतीचा श्रोता, आपणांस फरक जाणवत नाहीं म्हणजे आपलाच कान हलका, असें मनाशीं धरून बसतो, आणि जें संगीत त्यास कालपर्यंत सुख देत होतें त्याविषयीं साशंक होतो. शिवाय 'ऊब', 'आत्मा', 'जिव्हाळा' हे शब्द, जे गायकास व कवीस लावावयाचे, ते पेटींतील तारांस लावतां लावतां इतके झिजतात कीं, खऱ्या गायकापुढें उभें राहिल्यावर आपल्यापाशीं शब्दच उरत नाहींत. पहिल्या अनर्थांत पैसा व समाधान जातें. दुसऱ्यांत भाषा जाते.

म्हणून ज्यास खर्चावयाचेंच आहे त्यानें लाउडस्पीकरावर खर्चावें, कारण तेथील फरक खरे आहेत. खोलीच्या भिंतींवर व पडद्यांवर खर्चावें, कारण खोली खालच्या सुरांस कित्येक डेसिबलांनीं वरखालीं ओढते. आणि याहूनहि उरलें तर मैफलीच्या तिकिटावर खर्चावें. डॅक मात्र असा घ्यावा कीं, ज्याच्याविषयीं बोलण्यासारखें कांहींच नसेल. तोच उत्तम.