बटण बंद, तरी बल्ब चालू!
दिघ्यात ईश्वरनगर, रामनगरच्या खोल्यांमधून वायरमनचं काम करताना पावसाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते: ‘भाऊ, बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो.’ बहुतेकांचा उपाय ठरलेला, बल्ब बदला. माझं म्हणणं, आधी बटण उघडून बघा.

जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बची तार तापायला भरपूर करंट लागायचा. एलईडीचं तसं नाही. बटणातल्या लाल इंडिकेटरमधून किंवा भिंतीतल्या ओलीमुळे झिरपणारा किंचित करंटही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि दिवा लुकलुकतो. कारण इंडिकेटरच असेल तर घाबरू नका. साधं बटण बसवलं की भागतं.

पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असेल तर प्रकरण जिवावरचं आहे. बटण बंद असूनही होल्डरमध्ये 230 व्होल्टचा फेज हजर असतो. स्टुलावर चढून बल्ब काढणाऱ्या बाईला याचा पत्ताही नसतो. वरचा माळा चढवताना खालून घाईघाईत वायर ओढली जाते, तिथे ही चूक मला वरचेवर सापडते. बटण फेजवरच हवं, यात तडजोड नाही. दुरुस्ती तरी केवढी? बहुतेक वेळा बोर्डातल्या दोन वायरींची अदलाबदल.

घरमालकांनो, खोली भाड्यानं देण्याआधी प्रत्येक बोर्ड परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. आणि तोवर बल्ब बदलताना मेन स्विच पाडाच.