दाबाचा पायमोजा आणि लाइनवरचे स्टूल

दुपारी पहिली पाळी सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसची रांग लागते. त्यातल्या एखाद्या बसमध्ये डोकावले तर काही जण बसल्या बसल्या सेफ्टी शूजच्या नाड्या सैल करताना दिसतील. सकाळी नीट बसलेला बूट आठ तासांनी पायाला आवळू लागलेला असतो. मोज्याच्या रबराचा वळ घोट्याच्या वर खोल उमटलेला असतो. याला कुणी आजार म्हणत नाही. दिवसभर उभे राहिले की पाय भरून येणारच, असे म्हणून विषय संपतो. बहुतेकांच्या बाबतीत तो खरेच तिथे संपतो. काहींच्या बाबतीत मात्र दहा-पंधरा वर्षांनी घोट्याजवळ न भरणारी जखम होऊन तो पुन्हा समोर येतो.

पिंपरी-चिंचवडला कारखानदारीची तीन पिढ्यांची सवय आहे. आकुर्डी, भोसरी, पिंपरीत ज्यांनी उमेदीची वर्षे मशीनपुढे काढली ते आता निवृत्त आहेत. चाकण, म्हाळुंगे, निघोजे भागातल्या असेंब्ली लाइनवर आज मराठवाड्या-विदर्भातून आलेली विशी-पंचविशीतली मुले-मुली उभी आहेत, त्यातली पुष्कळशी ठेकेदारामार्फत. पहिल्या गटाच्या पायांकडे पाहिले तर दुसऱ्या गटाच्या वाट्याला काय येऊ शकते याची कल्पना येते. डेन्मार्कमध्ये नोकरदारांचा बारा वर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासात, मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्ससाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा पावणेदोन पटींच्या आसपास आढळले होते. आनुवंशिकता, गरोदरपण, वय आणि वजन ही कारणे आहेतच. पण उभे राहणे हे त्यातले असे कारण आहे, की ज्यात माणसाला बदल करता येतो.

पायातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. वर ढकलण्याचे काम करते पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस चालू लागला आणि झडपा धड असल्या तर तो ३० च्या खाली उतरतो. त्यामुळे पायांना त्रास होतो तो श्रमाने नव्हे, हलता न येण्याने. दिवसभर सामान घेऊन शेडमध्ये फिरणाऱ्याचे पाय जितके भरून येत नाहीत, तितके एकाच जागी स्क्रू आवळणाऱ्याचे येतात. मग झडपा निकामी होतात, रक्त खाली साचते, शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या होतात. त्यानंतर सूज, मग घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट, कडक आणि खाजणारी त्वचा, आणि शेवटी जखम. प्रत्येकाचा प्रवास शेवटपर्यंत होत नाही, पण त्वचा काळी पडू लागली की तो बराच पुढे गेलेला असतो.

या आजारावर ‘शस्त्रक्रियेविना उपचार’ अशा जाहिराती शहरात ठिकठिकाणी दिसतात. त्यातल्या बहुतेक लेझरच्या असतात. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फेसाचे इंजेक्शन किंवा वैद्यकीय गोंद घालून खराब शीर आतून बंद करणे हे सगळे चांगले उपचार आहेत. त्यात मोठी चीर नसते, जागा बधिर करून काम होते, रुग्ण सहसा त्याच दिवशी चालत घरी जातो. खराब शीर बंद केल्याने रक्ताची अडचण होत नाही, ते खोल शिरांतून जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच उष्णतेने शीर बंद करण्याला पहिली पसंती दिली आणि जुनी शीर काढण्याची शस्त्रक्रिया शेवटी ठेवली. तक्रार उपचाराबद्दल नाही. तक्रार अशी, की ‘शस्त्रक्रियेविना’ म्हणजे फक्त लेझर असे लोकांच्या डोक्यात बसले आहे. ज्यात सुईसुद्धा टोचावी लागत नाही असा उपचार केसपेपरवर एका ओळीत उरकला जातो: ‘पाय वर ठेवा, स्टॉकिंग वापरा’. ती ओळ घेऊन रुग्ण मेडिकलच्या दुकानात जातो, आणि तिथून पुढे काय होते हे कुणी विचारत नाही.

बहुतेक वेळा असे होते, की तो लवचिक कापडाची एक नळी विकत घेतो, मापे न घेता. ती पोटरीला आवळते आणि घोट्याला सैल राहते, म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट. दाबाच्या मोज्याचा सगळा मुद्दाच हा, की दाब घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा हवा. त्यासाठी घोटा, पोटरी आणि पायाची लांबी मोजावी लागते, तीही सकाळी, सूज चढण्याआधी. दाबाचे वर्ग असतात. सूज आणि जडपणासाठी सौम्य दाब चालतो, त्वचा बदललेली असेल तर जास्त लागतो. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घसरतो, त्याची वळी पडते आणि तो चार दिवसांत कपाटात जातो. मोजा सकाळी उठल्या उठल्या घालायचा आणि रात्री झोपताना काढायचा. रोज वापरलेल्या मोज्याचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो, मग नवा घ्यावा लागतो. दोन जोड्या असल्या तर एक धुता येते.

एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, सेफ्टी शूजच्या आत असा मोजा आठ तास घालून उभे राहणे किती कठीण आहे, हे सांगणाऱ्याने एकदा अनुभवून पाहायला हरकत नाही. बोटे उघडी ठेवणारा प्रकार जरा सुसह्य असतो. रबरी हातमोजे घालून मोजा ओढला तर नीट चढतो. नाहीच जमले तर सौम्य दाबाचा रोज घातलेला मोजा, न घातलेल्या कडक मोज्यापेक्षा केव्हाही बरा. या गोष्टी समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात आणि उपचार टिकतो की सुटतो हे त्या पाच मिनिटांवरच ठरते. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला ती मिळत नसतील तर परिचारिकेला मिळायला हवीत. किमतीचाही प्रश्न आहेच. चांगल्या जोडीला कंत्राटी कामगाराची काही दिवसांची मजुरी जाते.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. पायाला रक्त आणणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजा किंवा पट्टी पाय धोक्यात आणू शकते. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात ही शक्यता जास्त. म्हणून दाब देण्याआधी पायाची नाडी पाहणे आणि शंका आली तर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहणे आवश्यक असते. घोट्याचा दाब दंडाच्या ८० टक्क्यांहून कमी भरला तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसेच एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला तर तो मोज्याचा नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचा विषय आहे, कारण खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर माणसाला आडवे करावे, पाय उंच धरावा आणि त्या जागेवर घट्ट दाबून धरावे. वर दोरी बांधू नये.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. शिरांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी जडपणा आणि सूज थोडी कमी होते. निकामी झडप त्या दुरुस्त करत नाहीत.

खरे नुकसान जखमेच्या टप्प्यावर होते. घोट्याजवळची जखम घेऊन माणूस वर्ष-दोन वर्षे ड्रेसिंग करत फिरतो आणि मधूनमधून अँटिबायोटिकचा कोर्स घेतो. १९५४ साली ज्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तिथे जखम म्हटले की आधी अँटिबायोटिक आठवावे हे समजण्यासारखे आहे. पण शिरांच्या आजारातून झालेली जखम जंतूंमुळे उघडी राहिलेली नसते, दाबामुळे राहिलेली असते. आजूबाजूची त्वचा लाल आणि गरम होऊन पसरू लागली, ताप आला, तर अँटिबायोटिक हवेच. एरवी औषध आहे ते पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत नीट बांधलेली अनेक थरांची दाबपट्टी. साधी क्रेप बँडेज काही तासांत सैल होते. दाबपट्टी बांधणे हे हाताचे कौशल्य आहे, महिनाभराच्या सरावाने येणारे, आणि ते येणाऱ्या परिचारिका प्रत्येक सरकारी रुग्णालयात असायला काहीच अडचण नाही.

मात्र दाबपट्टीवर भरवसा ठेवून लेझर लांबवणे हीदेखील चूकच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘एव्हरा’ चाचणीत अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांचे दोन गट केले होते. दाबपट्टी दोघांनाही होती. एका गटात खराब शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, दुसऱ्यात जखम भरेपर्यंत किंवा निदान सहा महिने थांबले. मध्यमान काढले तर पहिल्या गटात जखम ५६ दिवसांत भरली, दुसऱ्यात ८२ दिवसांत. म्हणजे जखम असलेल्याला किंवा त्वचा काळी पडलेल्याला ‘मोजे घालून बघा’ सांगून परत पाठवणे योग्य नाही. त्याची कलर डॉपलर तपासणी लवकर व्हायला हवी. उलट, डॉपलरमध्ये झडपा धड असताना केवळ संध्याकाळी पाय जड होतात म्हणून कुणाला लेझरच्या टेबलावर घेणेही योग्य नाही. आज अनेकदा नेमके उलटे घडते. ज्याच्याकडे पैसे किंवा विमा आहे त्याची शीर लवकर बंद होते, आणि ज्याला खरी गरज आहे तो ड्रेसिंग करत राहतो.

२६ दिवसांचा फरक कागदावर लहान दिसतो. कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. तोही आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल तर. ठेकेदार बदलला, मध्ये खंड पडला, की हे गणित बिघडते. त्यामुळे तो पाय लपवतो. जखमेवर प्लास्टिक गुंडाळून, वर जाड मोजा घालून लाइनवर उभा राहतो. उपचाराचा अर्धा भाग म्हणजे पाय हलवणे आणि अधूनमधून बसणे, तो तर रुग्णालयाच्या हातात नसतोच.

तो हातात असतो कारखान्याच्या. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात, ज्यांना उभ्याने काम करावे लागते अशा कामगारांसाठी बसण्याची योग्य सोय असावी असे स्पष्ट म्हटले होते. कामाच्या ओघात जी उसंत मिळेल तिचा फायदा त्यांना घेता यावा, हा त्यामागचा हेतू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनाही बसण्याचा हक्क दिला, तो साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवल्यावर. आपल्या पट्ट्यात पंचाहत्तर वर्षांहून जुनी तरतूद आहे, पण अनेक लाइनवर बसलेला माणूस म्हणजे कामचुकार माणूस, हीच समजूत चालते. टेकायला उंच स्टूल, तासाभराने जागा बदलण्याची पद्धत, उभ्या उभ्या टाचा वीस वेळा उचलण्याइतकी मोकळीक यांनी उत्पादन थांबत नाही. पाळी संपल्यावर घरी भिंतीला पाय लावून वीस मिनिटे पडणे हे कामगाराच्या हातात आहे. त्याने तेवढे जरूर करावे.

सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने येणारा बहिरेपणा हे व्यवसायजन्य आजारांच्या सरकारी यादीत आहेत. शिरांचा आजार तिथे नाही, त्यामुळे कारखान्याच्या डॉक्टरला तो कुठे कळवावा लागत नाही. वार्षिक तपासणीत सहसा रक्तदाब, डोळे आणि कान पाहिले जातात. कामगार त्या वेळी बहुधा खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याच्या पायात बूट असतात. फुगलेल्या शिरा दिसतात त्या माणूस उभा असताना. बूट-मोजे काढून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून त्याला दोन मिनिटे उभे करायचे आणि घोट्याची आतली बाजू पाहायची, याला कोणतेही यंत्र लागत नाही.